दोन लोखंडी तोफा आणि गाविलगड

परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघालेली एसटी धामणगाव गढी मागे टाकून घाटाला लागली, की थोड्याच वेळात थंड वारा अंगाला झोंबायला लागतो. सागाची पानं, मधूनच दिसणारी खोल दरी, वळणावर उभी असलेली गवळ्यांची जनावरं. तास-दीड तासात माणूस वर पोचतो. 1803 च्या डिसेंबरात याच डोंगरात एक फौज 7 तारखेला शिरली आणि मुक्कामावर पोचायला तिला 12 तारीख उजाडली. अंतर होतं जेमतेम तीस मैल, म्हणजे सुमारे 48 किलोमीटर. वेळ लागला तो तोफांमुळे. आधी दगडधोंडे फोडून वाट करायची, मग त्या वाटेनं तोफा न्यायच्या, आणि नाल्यांतून, चढावांवरून बहुतेक सगळी वाट त्या दोर लावून माणसांनीच ओढायच्या.

त्या तोफांत अठरा पौंडी अशा दोन लोखंडी तोफा होत्या. अठरा पौंडी म्हणजे जिचा एक भरीव गोळा अठरा पौंडांचा, आजच्या हिशेबात आठ किलोंहून थोडा जास्त. खुद्द तोफेचं वजन दोन टनांच्या आसपास. हे धूड सातपुड्याच्या माथ्यावर चढवलं जाईल, असं गडावरच्या शिबंदीला आठवडाभर आधी सांगितलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं. गाविलगडाचं पुढचं सगळं नशीब मात्र त्या वाटेवर ठरलं.

गाविलगड अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या अगदी शेजारी आहे. गवळ्यांचा गड म्हणून गाविलगड, असंच इथले लोक सांगतात. दगडी तटाआधी इथं गवळ्यांची मातीची गढी होती, ही आठवणही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पक्का किल्ला बहमनी सुलतान अहमदशहा वली याच्या काळातला. 1425 च्या सुमारास त्याचा तळ अचलपुरात होता. तेव्हा त्यानं गाविलगड बांधला आणि शेजारच्या नरनाळ्याची डागडुजी केली, असं फरिश्त्याच्या इतिहासात नमूद आहे. उत्तरेकडून माळवा आणि खानदेशातून येणारं संकट सातपुड्यातच अडवायचं, हा त्यामागचा विचार. खाली पूर्णेचं काळ्याभोर मातीचं खोरं, मागे तापीकडे उतरणारं जंगल. हा गड हाती असला की वऱ्हाडाचं उत्तरेचं दार आपल्या हाती, असं समीकरण चारशे वर्षं टिकलं.

बहमनी राज्य मोडकळीला आल्यावर फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क यानं अचलपुरात इमादशाही उभी केली. हा मूळचा विजयनगरकडचा, ब्राह्मण कुळात जन्मलेला, लढाईत कैद होऊन मुसलमान झालेला सरदार. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजासमोर थांबून वर पाहिलं, की दोन डोक्यांचा गंडभेरुंड दिसतो. चोचींत हत्ती, पंजांत हत्ती. हत्ती इतके लहान कोरलेत, की पक्ष्याचं बळ नजरेत भरावं. विजयनगरच्या नाण्यांवर दिसणारा हा पक्षी वऱ्हाडच्या डोंगरात कसा आला, याचा धागा अभ्यासक फत्तेउल्लाच्या जन्मभूमीशी जोडतात. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा, तोही याच काळातला, 1487 चा. त्यावरचं नाजूक नक्षीकाम पाहणाऱ्याला आपण लष्करी जागेत उभे आहोत याचा विसर पडतो.

पुढे वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीत गेलं आणि 1577 मध्ये बहरामखानानं गाविलगडाची मजबुती केली. त्या कामाचं वर्ष सांगणारा फार्सी लेख असलेला बुरूज त्याच्याच नावानं ओळखला जातो. ही तारीख महत्त्वाची आहे. कारण त्याआधी 28 वर्षं, 1549 मध्ये, त्याच अहमदनगरात ‘मलिक-ए-मैदान’ ही अजस्र तोफ ओतली गेली होती. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. दख्खन तेव्हा तोफेच्या विद्येत फार पुढे गेलं होतं. किल्ले दुरुस्त करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आता बाण आणि गोफणगुंडे नव्हते. बुरूज रुंद झाले, त्यांच्या माथ्यावर तोफ चहूकडे फिरवता यावी अशी जागा आली, दरवाजे एकामागे एक आणि वळणावळणाचे झाले. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळ्यावर जी नऊगजी तोफ पाहायला शाळांच्या सहली जातात, ती याच तोफवेडाची खूण. अकोट तालुक्यातल्या शहानूर गावातून तिथं वर जाता येतं.

डोंगरी किल्ल्याचा तोफखाना वरून खाली मारा करायला बसवलेला असतो. खालून वर मारा करणारा नेहमीच तोट्यात. गाविलगडाच्या दक्षिणेला कडा इतका तुटलेला, की तिकडून येणारा माणूस चढतानाच अर्धा होईल. पण गडाला एक उणीव होती आणि ती उत्तरेला होती. तिथं गडाचा डोंगर चिखलदऱ्याच्या पठाराला एका अरुंद दांडानं जोडला गेला आहे. शत्रूनं तोफा त्या पठारावर आणल्या, तर गडाची सगळी उंची वाया जाते. दोन्ही बाजू एका पातळीवर येतात. बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर आतला किल्ला, त्याच्या उत्तरेला आणि वायव्येला बाहेरचा किल्ला, आणि त्याच्याही पुढे आणखी एक तट, अशी तिहेरी आडकाठी त्यांनी त्या बाजूला घातली. त्यांची खरी भिस्त मात्र वाटेवर होती. अवजड तोफा घेऊन मेळघाटाच्या पोटातून त्या पठारावर येणार कोण?

1803 मध्ये दुसरं इंग्रज-मराठा युद्ध सुरू होतं. 23 सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला होता. 29 नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर पुन्हा गाठ पडली. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी, म्हणजे मन्याबापू, यांच्या फौजेनं तोफांचा पहिला मारा असा केला, की असईला धीरानं लढलेल्या इंग्रजांच्या तीन पलटणी उधळून मागे पळाल्या. जनरल आर्थर वेलस्लीनं स्वतः आडवं जाऊन त्यांना सावरलं आणि पुन्हा रांगेत उभं केलं. कर्नल स्टीव्हन्सन इतका आजारी होता, की तो हत्तीवर बसून लढाई चालवत होता. दिवस मावळेपर्यंत भोसल्यांच्या 38 तोफा मैदानात सोडाव्या लागल्या. अडगावचं नाव इंग्रजी कागदांत ‘अरगाम’ झालं आणि वऱ्हाडातल्या कित्येकांना आज माहीतही नसतं, की ते अरगाम म्हणजे तेल्हाऱ्याकडचं आपलं अडगाव.

जखमींसाठी अचलपुरात इस्पितळ उभं करून वेलस्ली भोसल्यांच्या ताब्यातल्या गाविलगडाकडे वळला. त्यानं कामं वाटून घेतली. स्वतः दक्षिणेला, पायथ्याच्या बाजूला. स्टीव्हन्सन अवजड तोफा घेऊन डोंगरातून वळसा घालून उत्तरेला. वेलस्लीच्या पत्रात ज्याचं नाव ‘लबाडा’ असं उमटलंय, त्या गावाजवळ स्टीव्हन्सन 12 तारखेला पोचला. त्याच रात्री दोन मोर्चे बांधले गेले. एकात दोन अठरा पौंडी आणि तीन बारा पौंडी लोखंडी तोफा. दुसऱ्यात दोन पंचरशी बारा पौंडी तोफा आणि दोन गरनाळा. 13 तारखेच्या सकाळी मारा सुरू झाला.

इथं लोखंडी तोफ आणि पंचरशी तोफ यांतला फरक समजून घ्यायला हवा. पंचरशी धातू, म्हणजे तांबं-कथलाचं मिश्रण, चिवट असतो. त्याची तोफ हलकी करता येते, मैदानात पळवता येते, आणि ती सहसा फुटत नाही. पण तासन्‌तास बार काढत राहिलं, की ती तापते, नळी मऊ पडते, बत्ती द्यायचा कान रुंदावत जातो आणि गोळा भरकटतो. ओतीव लोखंडाची तोफ बोजड, पण दिवसभर एकाच जागी मारा करत राहायला तिला तोड नाही. तट फोडायचा असेल तर नेमकं हेच लागतं.

तट फोडणं ही एक स्वतंत्र विद्या होती. गोळे वाटेल तसे टाकले, तर भिंतीला खड्डे पडतात, भिंत पडत नाही. कसलेला गोलंदाज तटाचा खालचा तिसरा हिस्सा धरतो आणि एका आडव्या रेघेत गोळ्यामागे गोळा मारत राहतो. दगडाचा बाहेरचा थर कापला जातो, आतली भर मोकळी होते. मग त्या रेघेच्या दोन्ही टोकांना उभे छेद घेतले, की मधला सगळा तुकडा स्वतःच्याच वजनानं पुढे घसरतो. तो जिथं कोसळतो तिथं दगडमातीचा उतार तयार होतो. म्हणजे भिंतच शत्रूला चढायला वाट करून देते. भिंत जितकी उंच, तितका तो ढिगारा मोठा. मध्ययुगीन किल्ल्याचं मोठेपण त्याच्या उंचीत होतं आणि तीच उंची तोफेपुढे त्याच्या मुळावर आली.

दक्षिणेला वेलस्लीलाही मोर्चा बांधायचा होता. पण त्या बाजूच्या चढावर लोखंडी तोफा काही केल्या चढेनात. वर गेल्या त्या फक्त पंचरशी. त्यांच्या गोळ्यांनी तटाचं फारसं बिघडलं नाही. शिबंदीचं लक्ष मात्र दोन्हीकडे विभागलं. एकाच गडावर, एकाच दिवशी, उत्तरेला खिंडार पडत होतं आणि दक्षिणेला पडत नव्हतं. उत्तरेच्या तोफांमागे आठवडाभराचा घाम होता, तो असा कामी आला.

14 तारखेच्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला चढून जाण्याजोगी खिंडारं पडली. 15 डिसेंबरला सकाळी दहा वाजता हल्ला झाला. त्या तुकडीबरोबर खिंडारातून आत गेलेल्यांत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा चोवीस वर्षांचा मुलकी अधिकारीही होता. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज त्याच्याच नावाचं. बाहेरचा किल्ला पडला. वायव्य दरवाजातून निसटू पाहणाऱ्यांची गाठ तिकडून वर येणाऱ्या दुसऱ्या तुकडीशी पडली आणि तो दरवाजाही गेला. पण आतल्या किल्ल्याचा तट शाबूत होता. तिथं खिंडार पडलं नव्हतं. मध्ये घळ, समोर बंद दरवाजा, वरून गोळीबार. कॅप्टन कॅम्पबेलनं थोडी माणसं घेऊन शिड्या लावल्या, तो तट ओलांडून आत उतरला आणि त्यानं आतून दरवाजा उघडला. तोफांनी अर्धंच काम केलं होतं. उरलेलं अर्धं शिडीनं केलं. गडावरच्या राजपूत शिबंदीनं दरवाजादरवाजाशी झुंज दिली. किल्लेदार बेनीसिंह यांचा देह दरवाजाजवळच्या मृतांच्या ढिगाऱ्यात सापडला. या लढाईवर बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाची कादंबरी आहे, ती जगभर वाचली जाते. बेनीसिंहांवर मराठीतही कुणीतरी मन लावून लिहायला हवं. ज्या माणसानं हरणार हे दिसत असताना दरवाजा सोडला नाही, त्याची आठवण आपल्या भाषेत असायला हवी.

दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, अचलपूरजवळच्या देवगावला तह झाला. भोसल्यांनी कटक, बालेश्वर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. पण गाविलगड आणि नरनाळा, लागून असलेल्या चार लाखांच्या मुलखासकट, त्यांच्याकडेच राहिले. इतक्या कष्टानं घेतलेला गड असा परत दिला गेला. वेलस्लीला गड नको होता, तह हवा होता, हे यातून दिसतं. 1822 मध्ये मात्र हे दोन्ही किल्ले निजामाकडे गेले.

या काळात वऱ्हाडातले तट निरुपयोगी ठरले होते असं समजू नये. शत्रूकडे वेढ्याच्या तोफा असतील तरच तट हरतो. पेंढाऱ्यांकडे घोडे होते, भाले होते, तोफखाना नव्हता. म्हणून अमरावतीच्या कापसाच्या पेठेभोवती निजामाच्या सरकारनं 1807 मध्ये परकोट बांधायला घेतला आणि 1821 पर्यंत तो पुरा केला. सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट ही नावं आज अमरावतीकर रिक्षावाल्याला सांगतो ती तिथूनच आली. खुनारी खिडकीच्या नावामागे एक मोठा रक्तपात आहे. तिकडे मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर बाळापूरचा विटांचा किल्ला 1757 मध्ये अचलपूरच्या नवाब इस्माइलखानानं पुरा केला होता. पावसाळ्यात नद्या भरल्या की त्याला जवळजवळ चारही बाजूंनी पाण्याचा वेढा पडतो. अकोल्याचा असदगड 1698 च्या आसपासचा, औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा.

गाविलगड घेणारा वेलस्ली तेव्हा 34 वर्षांचा होता. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं, इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. 1847 च्या जानेवारीत, वयाच्या 77 व्या वर्षी, त्यानं सर जॉन बर्गॉइन या इंजिनिअर सेनापतीला एक लांबलचक पत्र लिहिलं. आगबोटी आल्या, इंग्लिश खाडी ओलांडणं सोपं झालं, आणि आपला किनारा मोकळा पडलाय, ही त्यातली चिंता. दुर्गम डोंगराच्या भरवशावर राहिलेल्या शिबंदीची वाट कशी लागते हे त्यानं मेळघाटात पाहिलं होतं. ज्या पाण्याच्या भरवशावर इंग्लंड निर्धास्त होतं, ते पाणीही तसंच ओलांडता येईल, हे त्याला दिसत होतं.

वेलिंग्टन 1852 मध्ये गेला. त्यानंतरच्या दहा वर्षांत तोफ आमूलाग्र बदलली. नळीच्या आत पिळाचे आटे पाडले, की लांबट गोळा स्वतःभोवती फिरत सरळ आणि फार दूर जातो. त्यात दारू भरली, की पडल्यावर फुटतो. 1859 मध्ये फ्रान्सनं चिलखती युद्धनौका पाण्यात सोडली आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये किनाऱ्याच्या संरक्षणासाठी आयोग नेमला गेला. पंतप्रधान पामर्स्टनच्या कारकिर्दीत सुमारे सत्तर किल्ले बांधायला घेतले गेले. ते पाहिले तर मराठी माणसाला किल्ले वाटणारच नाहीत. आभाळाला भिडणारा बुरूज नाही, कंगोरे नाहीत. लांबून दिसतो तो गवताळ टेकाड. पुढे खोल खंदक, मागे मातीचा जाड भराव, त्याच्याआड तोफा, आणि जमिनीखाली विटांच्या कमानींत दारूची कोठारं. मातीत गोळा शिरतो आणि रुततो. तिला खिंडार पाडणं महाकठीण. आपल्या मुंबईत 1860 च्या दशकात गव्हर्नर फ्रिअरनं कोटाच्या भिंती उतरवल्या आणि तोफा बंदरातल्या खडकांवर, मिडल ग्राउंड, ऑयस्टर रॉक, क्रॉस आयलंडवर गेल्या.

वऱ्हाडाच्या वाट्याला व्हिक्टोरियन काळाची दुसरी बाजू आली. 1853 च्या करारानं निजामानं वऱ्हाड कंपनीकडे सोपवलं. 1858 च्या ऑक्टोबरअखेरीस इंग्रजांशी लढणारे तात्या टोपे नर्मदा उतरून सातपुड्यात आले, मुलताईपर्यंत पोचले. मेळघाटाच्या खिंडी हैदराबाद कंटिंजंट या फौजेनं रोखून धरल्या. तात्यांच्या हाती पडू नये म्हणून गाविलगडावर पहारा बसला आणि त्याच वर्षी गडाची तटबंदी मोडून टाकण्यात आली. नव्या तोफांपुढे हा गड टिकला नसता, हे इंग्रजांना ठाऊक होतं. पण तात्यांना तशा तोफांपुढे उभं राहायची इच्छाच कुठं होती? त्यांना हवा होता एक पावसाळा काढायला आसरा, पाण्याची तळी आणि दख्खनकडे उतरायची वाट. गाविलगड ते सगळं देऊ शकला असता. म्हणूनच तो मोडला. किल्ला किती मोलाचा होता, हे कधीकधी त्याला मोडायची घाई किती झाली यावरून मोजावं.

पुढच्या दहा वर्षांत सत्तेचं केंद्रच डोंगरावरून खाली उतरलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरला वऱ्हाडचा कापूस हवा झाला. 1867 मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. गावोगाव जिनिंगच्या चिमण्या दिसायला लागल्या. चिखलदरा साहेबांचं थंड हवेचं ठिकाण झालं, तिथं कॉफी लागली. गड मात्र गवळ्यांच्या गुरांना उरला.

आज गाविलगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आणि मेळघाटच्या जंगलाच्या कुशीत आहे. सैल पडलेल्या दगडांतून वाट काढत दिल्ली दरवाजातून पुढे गेलं, की मोडलेला तट, शाबूत बुरूज, तळी आणि मोठी मशीद दिसते. बुरुजांवर तोफा आहेत. गाडे केव्हाच नाहीसे झाले, नळ्या दगडावर आडव्या पडल्यात. तोफेच्या मागच्या टोकाशी बोट फिरवलं, तर बत्तीचा कान लागतो, करंगळीही जाणार नाही एवढा. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि गंजाचा तांबूस ओघळ दगडावर उतरतो. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या टेकडीवरचा फोर्ट नेल्सन हा पामर्स्टनच्या काळातला किल्ला आता तोफांचं संग्रहालय आहे, आणि तिथं पाहुण्यांसाठी अजूनही तोफेचा बार काढला जातो. गाविलगडाच्या तोफांना निदान डोक्यावर एक पत्रा, शेजारी मराठीत एक पाटी आणि वर्षातून एकदा गंज खरवडून तेलाचा हात एवढं तरी मिळावं. अमरावती, अचलपूर, अकोट इथल्या शाळांच्या सहली दर हिवाळ्यात चिखलदऱ्याला येतात. त्या मुलांना पॉइंटवरची दरी दाखवून झाली, की उत्तरेच्या त्या अरुंद दांडावर न्यावं आणि स्टीव्हन्सनच्या दोन तोफा कुठून आल्या असतील ते बोट करून दाखवावं.